नकाशाआधी घड्याळ पाहा

रावेर तालुक्यात सायकल घेऊन निघणाऱ्याला मी एकच गोष्ट आधी सांगतो. इथला रस्ता अवघड नाही, वेळ अवघड आहे. पहाटे सहाला ज्या रस्त्यावर गाणे गुणगुणत जाता येते, तोच रस्ता साडेदहाला माणसाला आडवा करतो. नकाशावर मात्र रेघ तीच असते.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या कसदार पट्ट्यावर नजर पोचेल तिथवर केळी. मोटारीतून जाणाऱ्याला हा मुलूख सपाट वाटतो. पायडल मारणाऱ्याला तो तसा वाटत नाही. सातपुड्यातून निघालेल्या सुकी, भोकर अशा नद्या आणि कितीतरी नाले तापीकडे धावतात. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग या सगळ्यांना आडवा ओलांडत पश्चिमेला जातो, त्यामुळे त्यावर नाल्यागणिक थोडे खाली, थोडे वर असे चालते. उत्तर-दक्षिण रस्ता धरला तर डोंगराकडे जाताना न संपणारा हलका चढ आणि येताना तितकाच लांब उतार. सायकलवाल्याला याहून चांगला मुलूख खानदेशात मला तरी सापडलेला नाही. म्हणूनच नवे लोक इथे यावेत, पण नीट यावेत, असे मनापासून वाटते.

रस्त्यावरच्या सायकलिंगचा बराचसा सल्ला आपल्याकडे युरोपातून येतो, त्यातही इंग्लंडच्या चढउतारांच्या हिरव्या मुलखातून. २०१४ सालची टूर द फ्रान्स जिथून सुरू झाली त्या यॉर्कशरसारख्या भागातल्या स्वाराला काळजी असते ती पावसाची आणि गार वाऱ्याची. इंग्लंडात पारा पहिल्यांदा ४० अंशांच्या वर गेला तो जुलै २०२२ मध्ये, आणि तो दिवस तिथल्या हवामानाच्या इतिहासात नोंदला गेला. आपल्याकडे एप्रिलमध्येच चाळिशी अंगवळणी पडते आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला भिडतो. ‘तहान लागण्याआधी पाणी पीत राहा’ हा तिकडचा सल्ला खोटा नाही, पण आपल्या उन्हात तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा मला एका वैशाखात पालच्या रस्त्यावर कळला.

आम्ही तिघे सावद्याहून खिरोद्यामार्गे पालला गेलो होतो. पाल म्हणजे सातपुड्याच्या कुशीतले गाव, भोवती १९६९ साली जाहीर झालेले यावल अभयारण्य, जवळच सुकी नदीवरचे गारबर्डी धरण. पहाटे निघाल्यामुळे चढ गारव्यात पार पडला. वर चहा-पोहे झाले, गप्पा लांबल्या. परतताना उताराचा वारा अंगावर येत होता, त्यात ऊन जाणवतच नव्हते. आमच्यातला सर्वांत तरुण गडी सर्वांत दमदार होता आणि पाण्याच्या बाबतीत काटेकोरही. बाटली संपली की तो हातपंपावर थांबून भरून घेत होता.

उतार संपून केळीचा पट्टा लागला तेव्हा त्याच्या काळ्या जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. डोके ठणकतेय, मळमळतेय, असे तो म्हणाला, पुन्हा अर्धी बाटली प्याला आणि निघाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, “सावदा किती राहिलं?” मी सांगितले. दोन मिनिटांत त्याने तेच पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्याची सायकल डांबर सोडून साइडपट्टीकडे झुकत चालली होती.

बागेच्या बांधावर एक वयस्क शेतकरी ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. आम्हाला काही बोलायची गरजच पडली नाही. “भाऊ, त्याले खाली घ्या. बागेत न्या पहिले,” असे म्हणत ते स्वतःच पुढे आले. केळीच्या बागेत भर उन्हातही गारवा असतो. त्यांनी विहिरीची मोटार चालू केली, पाइप आणून त्याच्या मानेवर, काखेत, मांड्यांवर पाणी सोडले. मी बाटली त्याच्या तोंडाशी नेली तर त्यांनी हात धरला. “तोंडात नका टाकू. तो पुरता शुद्धीत नाही, ठसका लागीन.” मग विचारले, “यानं खारं काही खाल्लं का सकाळपासून?”

कोणीच खाल्ले नव्हते. पोहे, चहा, केळी आणि पाणी, एवढेच पोटात होते.

१०८ला फोन लावला, रुग्णालयात सलाइन लागले आणि संध्याकाळपर्यंत तो नीट बोलू लागला. डॉक्टरांनी समजावले ते असे. अंग तापले होते हे खरेच, पण त्याच वेळी घामावाटे मीठही निघून गेले होते, आणि वरून पोटभर साधे पाणी गेल्याने रक्तातले उरलेसुरले मीठ आणखी पातळ झाले होते. डोकेदुखी, मळमळ आणि शेवटी गोंधळलेपण, ही उन्हाचीही लक्षणे आणि मीठ उतरल्याचीही. रस्त्यावर उभ्या माणसाला त्यांतला फरक ओळखता येत नाही. त्याने तो ओळखायच्या फंदात पडूही नये.

आपल्या कोरड्या हवेत घाम दिसत नाही, अंगावरच उडून जातो. कोकणातला माणूस निथळतो म्हणून सावध होतो. आपण कोरडे राहतो आणि फसतो. घामाचा अंदाज ओल्या कपड्यांवरून न घेता कपड्यांवरच्या पांढऱ्या डागांवरून घ्यावा. दुसरी गोष्ट केळ्यांची. केळीच्या देशात राहतो म्हणून आपण खिशात दोन केळी टाकतो आणि निश्चिंत होतो. केळ्यात साखर आहे, पोटॅशियम भरपूर आहे, पण सोडियम जवळजवळ नाहीच. घामातून जाते ते मुख्यतः सोडियम. तेव्हा केळी जरूर खा, पण सोबत खारे काहीतरी हवेच. सावदा-फैजपूरच्या बाजूला रस्त्याकडेला मिळणारे केळ्याचे वेफर्स, मीठ घातलेले ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा, सगळे चालते. बागेत राबणारे मजूर कांदा, ठेचा आणि ताक बांधून आणतात, ते नुसते चवीसाठी नसते. दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस ठेवा. पुडी नसली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सोबत्याने एकच प्रश्न दोनदा विचारला, की सायकल थांबवायची. सावली, पाणी अंगावर, वारा घालणे आणि १०८. ‘गावात पोचू, मग बघू’ हा विचार त्या क्षणी सर्वांत घातक.

आता वेळेविषयी. एप्रिल ते जूनच्या पावसापर्यंत नऊ वाजता चाक थांबलेले असावे, हा माझा नियम. पालला जायचे तर वर मुक्काम करा, किंवा चढ तिथवर न नेता मध्येच, खिरोद्याच्या आसपासून परत फिरा. उताराचा वारा फसवतो. वर असताना साडेआठ वाजले असतील तर खाली पट्ट्यात ऊन चढलेले असते. जून उजाडताना पश्चिमेकडून वारा सुटतो, तोच जो उभ्या केळी झोपवतो. तेव्हा महामार्गाने जायचे तर सकाळी पश्चिमेला, सावदा-फैजपूरकडे निघा. अंगात दम असताना वारा तोंडावर आणि परतताना पाठीवर. रावेरहून पूर्वेला चोरवडमार्गे बऱ्हाणपूरला जाणाऱ्यांचे उलटे होते, जाताना मजा आणि परतताना दमछाक, म्हणून बऱ्हाणपूर मी हिवाळ्यासाठी राखून ठेवतो. फैजपूरला पोचलात तर क्षणभर थांबाच. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले खेड्यातले अधिवेशन इथे भरले होते.

महामार्ग मला आवडतो तो फक्त पहाटेचा, त्यातही पुरेसा उजेड झाल्यावर. मागे लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा. उन्हाळ्यात मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या केळीची, कापणी जोरात असते. भल्या पहाटे मजुरांचे टेम्पो बागांकडे धावतात आणि त्यांच्यामागून केळी भरायला ट्रक येतात. बागेच्या तोंडाशी अर्धा रस्ता व्यापून ट्रक उभा असतो, त्याच्या आडून घड वाहणारा माणूस अचानक पुढ्यात येतो. अशा ठिकाणी घंटी वाजवत, वेग कमी करूनच जावे. त्याचे ते काम आहे, आपला तो छंद आहे. भराई झालेल्या जागी पाने, घडांचे दांडे आणि चिकट चीक पडलेला असतो. त्यावर पाणी सांडले की बारीक टायर सरळ घसरते, म्हणून तिथे वळण घेताना ब्रेक धरू नका, आधीच धरा.

पहिल्या पावसानंतर याच रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती येते. वाळलेली असली तर नुसती धूळ, ओली असली तर निसरडी, आणि मडगार्ड नसेल तर ब्रेक व चाक यांच्यात घट्ट बसून चाकच थांबवते. २५ मिलिमीटरची टायर शहरात शोभतात. इथे ३२च्या खाली जाऊ नये.

तापीकडचे रस्ते, ऐनपूर-निंबोलच्या बाजूचे, हिवाळ्यात अप्रतिम असतात. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर दूरदेशचे पक्षी उतरतात. सकाळी निवांत जावे. पण पावसाळ्यात या तालुक्यातल्या कुठल्याही फरशीवर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, डोळे उघडे ठेवून जा. इथे आभाळ स्वच्छ असते आणि वर सातपुड्यात पाऊस झालेला असतो. पाणी येते तेव्हा सांगून येत नाही. फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी उतरू नका, शेवाळावर चाक टिकत नाही. गावातला माणूस थांबला असेल तर आपणही थांबावे.

काट्यांची गोष्ट निराळी. उन्हाळ्यात शेतकरी कुंपणासाठी बाभळीच्या काट्या बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमागे ओढत नेतात आणि त्या वाटेभर सांडत जातात. रस्त्यावर काट्या ओढल्याच्या रेघा दिसल्या की मधून चाला, कडेने नाही. दोन ट्यूब, ठिगळे, सोल्यूशन आणि स्वतःचा पंप हवाच. महागड्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला बसत नाही. त्यासाठी पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो सीटच्या पिशवीत टाकून ठेवा. पंक्चरवाले भाऊ तो पाहून खूश होतात आणि हवा भरण्याचे पैसेही बहुधा घेत नाहीत.

डोंगरात फोनला नेहमी रेंज असेलच असे नाही. निघताना घरी ‘सायकलवर जातोय’ एवढेच सांगून भागत नाही. कुठल्या गावावरून वर चढणार, कुठल्या गावावरून उतरणार आणि किती वाजता महामार्गाला लागणार, ही तीन नावे-वेळा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा, आणि ठरल्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, तो नंबरही त्याखाली लिहा.