अल्टरनेटर बांधून दिला, महिन्यात परत आला! रिपीट जॉब धंदा कसा खातो आणि तो कसा थांबवायचा



ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं वर्कशॉप कसं उभं करायचं हे आपण व्हिडिओत पाहिलं. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. शटर उघडलं, गिऱ्हाईक यायला लागलं, अल्टरनेटर बांधून द्यायला सुरुवात झाली. पण तोच अल्टरनेटर पंधरा दिवसांनी, महिन्याने पुन्हा काउंटरवर येतो. तिसऱ्यांदाही येतो. असे चार-पाच तुकडे झाले की गावात बोलायला लोकांना फार वेळ लागत नाही.

उदाहरणाला मनमाड घेऊ. इंदूर-पुणे महामार्ग गावातून जातो, पानेवाडीच्या तेल डेपोंमुळे टँकरची वर्दळ असते, आणि स्टेशनबाहेर शिर्डीला जाणाऱ्या प्रवाशांसाठी भाड्याच्या गाड्या उभ्या असतात. भाड्याची गाडी येवल्याच्या पुढे बॅटरी उतरून बंद पडली तर मालकाचं भाडं बुडतं आणि प्रवासी दुसऱ्या गाडीत बसून जातो. त्या मालकाच्या लेखी तुम्ही लावलेला कार्बन आणि बेअरिंग कितीही चांगलं असलं तरी काम बोगस. त्याचंही काही चूक नाही.

आधी पैशाचा हिशोब

समजा तुम्ही बांधणीचे 2,500 रुपये घेतले. बेअरिंग, कार्बन, कटआउट, किरकोळ सामान मिळून 1,300 गेले. हातात राहिले 1,200. पहिल्यांदा परत आला तेव्हा कटआउट बदलला, 450 गेले. दुसऱ्यांदा डायोड प्लेट, 500 गेले. आता उरले 250, आणि त्यासाठी तीन वेळा अर्धा-अर्धा दिवस गेला. हेल्परची मजुरी आणि दुकानाचं भाडं यात धरलेलंच नाही. म्हणजे जॉब तोट्यात गेला, आणि तो तोटा वहीत कुठेच दिसत नाही, कारण वॉरंटीचं काम आपण लिहूनच ठेवत नाही.

म्हणून आधी एक साधी वही करा. परत आलेल्या प्रत्येक तुकड्याची तारीख, गाडीचं मॉडेल, किती दिवसांत आला, नेमकं काय गेलं आणि गाडीत काय सापडलं, एवढंच त्यात लिहायचं. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की तुमच्या दुकानाचं दुखणं तुम्हालाच दिसेल.

मेलेला तुकडा काय सांगतो

बहुतेक जण परत आलेला अल्टरनेटर उघडतात, जळालेला भाग काढतात, नवा टाकतात आणि देऊन मोकळे होतात. इथेच पुढच्या रिपीट जॉबची सोय होते. कटआउट जळाला हे लक्षण झालं. तो का जळाला हा खरा प्रश्न.

स्टेटरच्या तिन्ही गुंडाळ्या सारख्या करपल्या असतील तर अल्टरनेटर सतत फुल लोडवर राबलाय. एखादीच गुंडाळी काळी पडली असेल तर आधी डायोड शॉर्ट आहे का ते बघा. पुलीकडचं बेअरिंग लवकर गेलं तर पट्टा जास्त ताणलेला असतो किंवा पुली सरळ रेषेत नसते. कार्बन महिन्यात झिजला तर स्लिप रिंग खडबडीत राहिली आहे, किंवा आत तेल-धूळ जातेय.

तेलाचं थोडं विस्ताराने सांगतो. आपल्या भागात ज्या जुन्या डिझेल गाड्या पळतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांत, इंडिका घ्या किंवा बोलेरो घ्या, ब्रेकसाठी लागणारा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. त्या पंपाला इंजिनचं तेल जातं. तेलसील कडक झालं की तेल आत झिरपतं, कार्बनच्या भुकटीत मिसळतं आणि चिकट काळा लगदा होतो. मग कार्बन होल्डरमध्ये अडकतो आणि चार्जिंग कधी येतं, कधी जातं. अशा तुकड्यात सील न बदलता कार्बन टाकणं म्हणजे गळक्या छपराखाली नवीन गादी घालणं. सील स्वस्तात येतं, ते वाचवू नका. पंपाच्या पात्या आणि तेलाची नळीही बघा, कारण प्रश्न नुसत्या चार्जिंगचा नाही, ब्रेकचाही आहे.

दोष बऱ्याचदा गाडीत असतो

अल्टरनेटर हा बॅटरी चार्जर नाही. चांगली बॅटरी थोडी उतरली तर ती भरून काढणं आणि गाडीचा लोड सांभाळणं, एवढंच त्याचं काम. बॅटरीचा एखादा सेल मेला असेल तर ती कधी भरतच नाही, कटआउट अल्टरनेटरला राबवत राहतो आणि तो तापून मरतो. एप्रिल-मेमध्ये बाहेरच 40 अंश असतं, बॉनेटखालचं तर विचारूच नका. त्यात तुमचा ताजा बांधलेला तुकडा बसवला तर दोष तुमच्या नावावर.

म्हणून गाडी समोर असेल तर वीस मिनिटं द्या. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी संशयित. गाडी चालू करून हेडलाइट, ब्लोअर लावा: जुन्या पद्धतीच्या चार्जिंगला बॅटरीवर 13.8 ते 14.5 दिसायला हवं. आता सगळ्यात दुर्लक्षित माप. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर, लोड चालू ठेवून. फरक 0.3 व्होल्टच्या आत पाहिजे. तसंच अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचं मायनस, इथे 0.2 च्या आत. जास्त आला तर वायर, थिंबल किंवा अर्थिंग खराब आहे. हिरवा गंज चढलेली अर्थिंगची पट्टी बदलायला फारसा खर्च येत नाही, पण ती न बदलल्यामुळे लोक तीन-तीन अल्टरनेटर बदलतात.

मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर डायोडची चौकशी करा. आणि ज्या जुन्या गाड्यांत डॅशबोर्डचा लाल चार्जिंग दिवाच सुरुवातीचा करंट देतो, तिथे तो बल्ब उडाला तरी चार्जिंग सुरू व्हायला त्रास होतो. दिवा पेटत नाही म्हणजे सगळं ठीक, असं गिऱ्हाईक समजतं. स्विच ऑन केल्यावर तो पेटलाच पाहिजे.

उलट नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो. तिथे कधी 12.8 दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नका.

गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचाराच. गाडीवर वेल्डिंग केलं का? चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढली का? जंप स्टार्ट करताना वायरी उलट लागल्या होत्या का? "वायर काढून बघ, गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला" ही जुनी तपासणी डायनामोच्या जमान्यातली आहे. अल्टरनेटरवर ती केली तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, कटआउट, कधीकधी गाडीचा कॉम्प्युटरही जातो.

टेस्ट बेंच: एक एचपीचा भ्रम

अनेक दुकानांत एक एचपीची मोटर, पट्टा, एक बॅटरी आणि मीटर असतं. 14 व्होल्ट दिसले की "ओके". गणित करून बघा. अल्टरनेटरची कार्यक्षमता साधारण 55 टक्के धरली तर एक एचपी, म्हणजे 746 वॉटमधून जेमतेम 410 वॉट बाहेर येतात, म्हणजे 30 अँपियरच्या आत. 75 अँपियरचा तुकडा तुम्ही निम्म्या लोडवरही तपासत नाही. पूर्ण तपासायला तीन एचपी तरी मोटर हवी. लोडसाठी 60/55 चे हेडलाइट बल्ब, दोन्ही फिलामेंट एकत्र जोडून, आठ लावले की 70-75 अँपियर खेचतात. बोर्ड पत्र्याचा करा, लाकडाचा नको, तापतो.

आणि तपासणी पंधरा-वीस मिनिटं चालवा. थंड असताना चांगला चालणारा रोटर तापल्यावर तुटक होतो, असे तुकडे दोन मिनिटांत सापडत नाहीत. मोठा बेंच घ्यायला पैसे नसतील तर मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं. सजावट नंतर करा, बेंच आधी घ्या.

मनमाडकरांना एक गोष्ट घरचीच. आयसीएफच्या जुन्या डब्यांखाली चाकाच्या आसावरून पट्ट्यांनी फिरणारा अल्टरनेटर असतो, साध्या डब्याला 4.5 किलोवॅट, 110 व्होल्टचा, एसी डब्याला 25 किलोवॅटचा. रेल्वेने त्यात कार्बनच ठेवले नाहीत, ब्रशलेस यंत्र घेतलं. झिजणारी वस्तू डिझाइनमधूनच काढून टाकली. आपल्याला गाडीचं डिझाइन बदलता येत नाही, पण आपली वही बघून कोणता भाग नेहमी आधी मरतो हे कळलं की तो भाग न विचारता बदलायचा, हे आपल्या हातात आहे.

सुटा तुकडा आला तर?

खरी अडचण ही. चांदवड, नांदगाव, येवल्याच्या गॅरेजमधून पोऱ्या पिशवीत अल्टरनेटर आणतो. गाडी तुम्ही पाहिलेलीच नाही, आणि वॉरंटी मात्र तुमची. इथे बिलावर अट लिहा: बसवल्यावर बॅटरीचं व्होल्टेज, चार्जिंगचं व्होल्टेज आणि अर्थिंगचा फरक, या तीन मापांचे मीटरसकट फोटो व्हॉट्सअॅपवर आले तर सहा महिने वॉरंटी, नाहीतर फक्त बेंचवरची हमी. फोटो काढायला गॅरेजवाल्याला पाच मिनिटं लागतात. सुरुवातीला तो कुरकुर करेल, काही जण दुसरीकडेही जातील. जे राहतील त्यांच्या गाड्यांतले दोष फोटोतच पकडले जातील.

अट तोंडी नको, आणि काम झाल्यावर तर नकोच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे, पैसे घेऊन दिलेली सेवा त्यात येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. काम घेतानाच सही केलेलं जॉब कार्ड दोघांनाही सांभाळतं.

दुसऱ्यांदा परत आलेल्या तुकड्याचा नियम वेगळा ठेवा. तो पिशवीतून घ्यायचाच नाही. गाडी घेऊन या म्हणायचं, तपासणी फुकट, पण गाडी पाहिल्याशिवाय स्क्रू उघडायचा नाही. बॅटरी मेलेली निघाली आणि मालक ती बदलायला तयार नसेल तर काम नम्रपणे परत करा, कार्डावर कारण लिहा आणि त्याची प्रत त्याच्या हातात द्या.