देवडीवरचा पहारा

दहावी-बारावीचे निकाल लागले की जे पालक मुलांना घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात नेटवर्किंग या शब्दाबरोबर एकच चित्र उभे राहते, आणि ते म्हणजे शिडीवर चढून छतालगत वायरी ओढणाऱ्या पोराचे. आपला मुलगा एवढा शिकून अखेरीस हेच करणार काय, ही त्यांची विवंचना त्यांनी तोंडाने बोलून दाखवली नाही तरी चेहऱ्यावर वाचता येते. वायरी ओढण्याचे काम हलके आहे असे मी मुळीच मानत नाही. परंतु ती वायर स्विचच्या ज्या पोर्टात जाऊन बसते, तेथे कोणाला आत घ्यावे व कोणाला मज्जाव करावा हे ठरविण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि त्याची हकीकत या मंडळींना कोणी सांगितलेलीच नसते.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक पत्ता मिळतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. तो ४८ बिटांचा, म्हणजे लिहिताना १२ चिन्हांचा असतो. ज्या संगणकापुढे माणूस बसतो, तो ८०२.१एक्स या २००१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मानकानुसार आपले नाव व परवलीचा शब्द सादर करू शकतो. पण प्रिंटर, कॅमेरा, हजेरीचे यंत्र यांच्यापैकी अनेकांना ती भाषाच अवगत नसते. अशा वेळी देवडीवरचा पहारेकरी जसा मुक्या इसमाला प्रथम दोन-तीनदा हटकतो व मग त्याची चेहरेपट्टी लिहून आत कचेरीत पाठवतो, तसा सिस्कोचा स्विच मूळ मांडणीत दर ३० सेकंदांनी तीनदा विचारणा करतो, आणि उत्तर न आल्यास सुमारे ९० सेकंदांनंतर त्या यंत्राचा मॅक ॲड्रेस हेच नाव व हाच परवलीचा शब्द समजून परवानग्यांची नोंद ठेवणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे रवाना करतो. सर्व्हरच्या दप्तरी त्या पत्त्याची नोंद असेल तर परवानगीचा हुकूम सुटतो, व त्याच हुकुमात हे यंत्र कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या स्वतंत्र कप्प्यात, ठेवावे याचाही निर्देश करता येतो. नोंद नसेल तर पोर्ट बंद राहतो.

एका रुग्णालयात केसपेपर छापणारा नवा प्रिंटर असा तासभर मुका पडलेला मी पाहिला आहे. खिडकीपुढे रांग वाढत होती, कारकून हाताने कागद लिहीत होते, आणि दोघे-तिघे अनुभवी गृहस्थ वायर बदलून पाहत होते. पदविकेच्या शेवटच्या वर्षाची एक प्रशिक्षणार्थी मुलगी मात्र प्रिंटरच्या मागे वाकून बसली, त्यावरचे लेबल तिने वहीत उतरवून घेतले, व सर्व्हरवरच्या यादीशी एकेक चिन्ह बोटाने जुळवीत गेली. नवव्या चिन्हापाशी तिचे बोट थांबले. लेबलावर ‘बी’ होता, यादीत कोणी तो ‘आठ’ वाचून लिहिला होता. पालकहो, या क्षेत्राला लागणारी वृत्ती ती हीच, आणि ती गुणपत्रिकेत कुठे दिसत नाही!

या पहाऱ्याची मर्यादाही विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी. मॅक ॲड्रेस हे गुपित नव्हे. थोडी माहिती असलेला इसम दुसऱ्या यंत्राचा पत्ता धारण करून येऊ शकतो, आणि अलीकडचे मोबाइल, अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून, वायफायवर स्वतःच बनावट पत्ता वापरतात. म्हणून जाणता अभियंता प्रिंटरला केवळ प्रिंटरपुरतीच मुभा देतो, हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत त्याची पोच ठेवत नाही. आज्ञा पाठ असणारे पुष्कळ भेटतात. ही तारतम्यबुद्धी मला अधिक मोलाची वाटते.

मार्ग अभियांत्रिकीच्या पदवीचाच हवा असे नाही. पदविका किंवा आयटीआय करूनही या कामात शिरता येते, आणि सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेला कोणत्याही पदवीची अट नाही. मात्र हजारो रुपयांचा क्लास लावण्याआधी मुलाची आवड घरीच पारखून घ्यावी. संगणकावरच नेटवर्कची नक्कल उभी करणारे पॅकेट ट्रेसर हे विनामूल्य साधन घेऊन त्यात पोर्ट सिक्युरिटी लावावी, एका पोर्टावर एकच पत्ता मंजूर करावा, व मग मुद्दाम दुसरा संगणक जोडून पोर्ट बंद पडलेला पाहावा. तेवढ्याने मन भरले नाही, तर ८०२.१एक्स जाणणारा एखादा वापरलेला स्विच मिळवावा, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स व फ्रीरेडियस बसवावे, घरातल्या प्रिंटरचा पत्ता यादीत घालावा, आणि तो नाकारला गेला तर स्विचने पाठवलेला पत्ता व यादीतला पत्ता शेजारी शेजारी लिहून पाहावा. कोठे रेघा आहेत, कोठे नाहीत, अक्षरे मोठी की लहान, हे तपासावे. त्या रात्री मूल जेवायला उठायचे विसरले, तर खुशाल पुढचे शुल्क भरा.