वीजजाळ्याची रोजकीर्द : सूर्य, वारा आणि स्थैर्य

नफा आणि हातातली रोकड या दोन गोष्टी एक नव्हेत, हा वाणिज्य शाखेचा अगदी पहिला धडा. ताळेबंदात भरपूर नफा दाखवणारी पेढीसुद्धा एखाद्या दिवशी हुंडी वटवायला रोकड नाही म्हणून अडचणीत येते, प्रसंगी बुडते. विजेच्या जाळ्याला, ज्याला आपण सर्रास ग्रिड म्हणतो त्याला, हाच धडा अधिक कठोरपणे लागू पडतो. वर्षभरात किती युनिट वीज तयार झाली हा झाला नफा. या क्षणी जेवढी मागणी आहे तेवढाच पुरवठा आहे का, ही झाली रोकड.

सौर आणि पवन विजेविषयी वर्तमानपत्रांत जे आकडे झळकतात ते बहुधा पहिल्या प्रकारचे असतात. जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. ही अभिमानाची गोष्ट आहे, यात वाद नाही. पण क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे आणि उत्पादन म्हणजे योग्य वेळचे उत्पादन नव्हे. जाळ्याचे स्थैर्य जोखायचे तर ताळेबंद मिटून रोजकीर्द उघडावी लागते. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. तरीही ही रोजकीर्द कशी वाचावी हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला समजू शकते, अशी माझी खात्री झाल्यामुळे हा लेख लिहिते आहे.

गोदाम नसलेला माल

निपाणीची तंबाखू वखारीत ठेवता येते, ब्याडगीची मिरची शीतगृहात ठेवता येते आणि भाव आला की विकता येते. विजेचे तसे नाही. तारेतून वाहणारी वीज ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. हा हिशेब जुळतो की नाही हे दाखवणारा एक काटा आहे. त्याला वारंवारता म्हणतात. आपल्या देशात ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ असते. मागणी वाढली आणि पुरवठा कमी पडला की काटा ५० च्या खाली येतो. पुरवठा जास्त झाला की वर जातो. नियमाने हा काटा ४९.९० ते ५०.०५ एवढ्या अरुंद पट्ट्यातच राहिला पाहिजे.

आपण मराठी माणसे ‘लाईट गेली’ म्हणतो आणि आमचे कन्नड भाषिक मित्र ‘करंट होय्तु’ म्हणतात. पण दोघांच्या घरातला काटा एकच असतो. ही एकता फार जुनी नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात प्रचंड वीजखंड झाला. त्याची सुरुवात बिना–ग्वाल्हेर या अतिभारित वाहिनीपासून झाली होती. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोकांना त्याची झळ पोचली. दक्षिणेचे जाळे त्या वेळी वेगळ्या तालावर चालत होते, म्हणून आपण वाचलो. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाला जोडले गेले. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यामधल्या या तारेने सगळा देश एका वारंवारतेवर आणला.

जड चाकाचा आधार

असे जोडले गेल्याने लाभ झाला की धोका वाढला? याचे उत्तर ‘जडत्व’ या कल्पनेत आहे. रसवंतीच्या चरकाला एक जड चाक असते. उसाचे जाडजूड कांडे मध्ये आले तरी चरक एकदम थांबत नाही, कारण त्या चाकात गती साठलेली असते. कोळशाच्या आणि पाण्याच्या वीजकेंद्रांतली अवजड जनित्रे हेच काम करतात. एखादे केंद्र अचानक बंद पडले तर बाकीच्या केंद्रांची फिरती चाके आपल्यातली थोडी गती देऊन काही सेकंद वेळ निभावून नेतात. सौर पाट्यांमध्ये फिरणारे काही नसते. आजच्या बहुतेक पवनचक्क्या फिरतात, पण त्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांमार्फत जोडलेल्या असल्याने त्यांचे जडत्व आपोआप जाळ्याला मिळत नाही.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, जाळ्यावर २ लाख मेगावॅटचा भार आहे आणि १,००० मेगावॅटचे एक केंद्र अचानक बंद पडले. फिरत्या चाकांतली एकूण ऊर्जा सगळा भार ४ सेकंद पेलू शकेल इतकी आहे असे धरू. तुटीला ५० ने गुणावे. मग भाराला या ४ सेकंदांनी गुणून येणाऱ्या संख्येच्या दुपटीने भागावे. उत्तर येते सेकंदाला सुमारे ०.०३ हर्ट्झ. म्हणजे काटा ५० वरून ४९.९० वर यायला तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ मिळतो. आता तेच केंद्र २० हजार मेगावॅटच्या एकाकी जाळ्यात बंद पडले असे समजा. घसरण दसपट होते आणि हाती उरतो सेकंदाचा तिसरा हिस्सा. त्यातच जडत्व निम्मे असेल तर सेकंदाचा सहावा हिस्सा. कर्नाटकाची उन्हाळ्यातली कमाल मागणी अलीकडे १७ हजार मेगावॅटच्या पुढे गेलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आपण एकटे असतो तर काय झाले असते याचा अंदाज येतो. मोठे जाळे म्हणजे सामाईक भांडवल. त्यात एकाचे नुकसान अनेकांत विभागले जाते. मात्र २०१२ ने शिकवल्याप्रमाणे, दुवा तुटला तर एकाचे संकट अनेकांवर येते.

आपल्याकडचे आकाश

तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर पार्क उभे आहे. जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतलेली आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. पण रात्री त्याचे उत्पादन शून्य असते आणि चोवीस तासांची सरासरी काढली तर अशी पार्के स्थापित क्षमतेच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढीच वीज देतात. खरी कसोटी संध्याकाळी लागते. सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, स्वयंपाकघरातली यंत्रे सुरू होतात. दोन-तीन तासांत एकीकडे हजारो मेगावॅट निघून जातात आणि दुसरीकडे मागणी चढते. हा चढ कोळशाच्या केंद्रांना सोसत नाही. ती दुपारी पूर्ण बंद करता येत नाहीत, कारण पुन्हा तापवून सुरू करायला कित्येक तास लागतात. ठराविक पातळीखाली चालवताही येत नाहीत.

वाऱ्याचा स्वभाव निराळा. आपल्याकडे पवनचक्क्या मुख्यतः जून ते सप्टेंबर या मोसमी वाऱ्यांत जोरात चालतात. बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून वीज करतात ती गाळप हंगामात, म्हणजे हिवाळ्याच्या सुमारास, वारा मंद असताना. चिपाडाची वीजही नवीकरणीयच, पण ती फिरत्या जनित्रातून येते, म्हणून जाळ्याला जडत्वही देते. स्रोतांची अशी सांगड म्हणजे गुंतवणूकदाराने सगळा पैसा एकाच कंपनीच्या भागांत न अडकवण्यासारखे आहे.

परदेशातले दोन दाखले

२८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात वादळाने वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. त्यामुळे जाळ्यातला दाब पुन्हा पुन्हा खाली गेला. असे झटके ठरावीक संख्येपेक्षा जास्त बसले की काही पवनचक्क्यांनी उत्पादन कमी करावे, अशी त्यांच्या यंत्रणेत तरतूद होती. काही सेकंदांत ४५६ मेगावॅट कमी झाले, शेजारच्या राज्याशी जोडणारी वाहिनी अतिभाराने तुटली आणि सुमारे साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले. वारा थांबला नव्हता. यंत्रांत भरलेली सूचना चुकीची होती.

दुसरा दाखला २८ एप्रिल २०२५ चा. भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांची वीज गेली. ऊन लख्ख होते. चौकशीत दिसले की, जाळ्यातला विद्युत दाब वाढत गेला, त्याला आवर घालणारी यंत्रणा अपुरी पडली आणि एकामागून एक केंद्रे सुटत गेली. दाब आटोक्यात ठेवण्याचे काम ज्या पारंपरिक केंद्रांकडे होते त्यांनीही ते पुरेसे केले नव्हते.

या दोन्ही घटनांचा खापर फोडण्यासाठी उपयोग करणारे लोक पुष्कळ आहेत. मला त्यांतून वेगळाच अर्थ दिसतो. ऊन आणि वारा येतात-जातात हे आधीच ठाऊक असते, म्हणून त्याची तयारी करता येते. घात होतो तो स्थैर्य राखण्याचे काम कोणाच्याच वहीत लिहिलेले नसते तेव्हा.

हातातली रोकड

मग जाळ्याची रोकड कोणती? सर्वांत जुनी म्हणजे धरणाचे पाणी. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली आणि लगेच परत चढली. त्या वेळी जलविद्युत केंद्रांनी १७ हजार मेगावॅटहून अधिक उत्पादन झटपट उतरवले आणि पुन्हा वर नेले. आपल्या दोन्ही बाजूंना अशी केंद्रे आहेत. शरावतीचे १,०३५ मेगावॅटचे, कोयनेचे १,९६० मेगावॅटचे. पण ही रोकडही अमर्याद नाही. कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. म्हणून ते पाणी कोणत्या तासाला सोडायचे याला महत्त्व येते.

दुसरा उपाय उदंचन साठवणीचा. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. चार युनिटे घातली तर साधारण तीन परत मिळतात. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प याच तत्त्वावर आहे आणि आपल्या जिल्ह्यात सौंदत्तीजवळ रेणुकासागर जलाशयालगत असाच प्रकल्प आखण्यात आला आहे. तिसरा उपाय बॅटरीचा. दक्षिण ऑस्ट्रेलियाने दुर्घटनेनंतर पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, १०० मेगावॅटची बॅटरी उभारली. ती सेकंदाच्या अंशात प्रतिसाद देते.

चौथा उपाय मला सर्वांत जवळचा वाटतो. मागणीच दुपारकडे सरकवायची. शेतीपंपांची थ्री फेज वीज रात्रपाळीला आली की आमच्या आप्पांना हातात बॅटरी घेऊन उसात दारे धरायला जावे लागे. साप-विंचवाची भीती घरातल्या सर्वांनाच असे. पंप दिवसा चालले तर हा धोका टळतो आणि दुपारची जादा वीज शेतात पाण्याच्या रूपाने साठते. महाराष्ट्रातील सौर कृषी वाहिनी योजनेमागे हाच विचार आहे. जाळ्याचे स्थैर्य आणि शेतकऱ्याची झोप या दोन गोष्टी इथे एकाच ओळीत येतात.

खर्च कोणाच्या खाती?

डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात सौर विजेचा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला. याउलट, वीज बाजारात दुसऱ्या दिवसासाठी होणाऱ्या सौद्यांत दराची कमाल मर्यादा २०२३ पासून १० रुपये ठेवण्यात आली आणि टंचाईच्या संध्याकाळी दर त्या मर्यादेला भिडल्याचे दिसले आहे. पहिला दर दीर्घ कराराचा, दुसरा रोजच्या बाजाराचा, म्हणून त्यांची थेट तुलना करता येणार नाही. तरीही दुपारचे युनिट आणि रात्री आठचे युनिट हे दोन वेगळे माल आहेत, एवढे त्यावरून स्पष्ट होते. स्वस्त सौर विजेच्या किमतीत साठवण, राखीव केंद्रे आणि वाहिन्या यांचा खर्च मिळवला तरच तिची पोच किंमत निघते.

हा खर्च वाटण्याची एक पद्धत आपल्याकडे आहे. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भागात किती वीज देणार वा घेणार हे आधी कळवायचे आणि त्यात फरक पडला तर पैसे मोजायचे. तत्त्व न्याय्य आहे. जो अनिश्चितता आणतो त्याने तिचा भार उचलावा. पण दंड फार कडक ठेवला तर नवे उद्योजक येणार नाहीत आणि फार सैल ठेवला तर तो खर्च वीज कंपन्यांमार्फत शेवटी तुमच्या-आमच्या बिलात किंवा सरकारी अनुदानात उतरेल. अनुदान म्हणजे तरी करदात्याचाच पैसा.

थोडक्यात, एखाद्या प्रदेशात सौर वा पवन वीज किती सामावेल असा प्रश्न आला तर मी पाच गोष्टी विचारीन. संध्याकाळचा चढ किती आणि तो कोण चढणार? मोठे केंद्र बंद पडल्यास काटा सावरायला किती सेकंद मिळतील? दाब सांभाळण्याची जबाबदारी कोणाची? झटका बसला तर यंत्रे टिकून राहतील की सुटून जातील? आणि या सर्वांचे पैसे कोण देणार? या पाचांची उत्तरे मेगावॅटच्या एकूण बेरजेत सापडत नाहीत. ती मिळाली तर सूर्य आणि वारा यांच्यावर निर्धास्त भरवसा ठेवावा. मिळाली नाहीत तर नवी क्षमता जोडण्याआधी ती मिळवावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.