दारावर तिकीट की पाळण्यावर?

(बी.कॉम., द्वितीय वर्ष)

आषाढात वडगावला मंगाई देवीची यात्रा भरते. माझे मामा दरवर्षी तेथे पाळणा लावतात. शाळेत होतो तेव्हापासून मी त्यांच्या तिकिटाच्या खोक्यात बसत आलो आहे. समोरून येणारे गिऱ्हाईक मराठी की कन्नड हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून "या, या" आणि "बन्नी, बन्नी" असे दोन्ही पुकारायचे, ही माझी त्या धंद्यातली पहिली शिकवणी.

गेल्या यात्रेत मामांनी मला दोन प्रश्न विचारले. "काय रे, कॉमर्स शिकतोस नव्हं? मग सांग बघू. मोठ्या पार्कात दारावर एकदाच पैसे घेतात आणि आत सगळं मोकळं. आपण पण तसं केलं तर? आणि दुसरं, कर्ज काढून अजून एक मशीन घेऊ का?"

मामांजवळ आज तीन यंत्रे आहेत : मोठा आकाशपाळणा, लहान मुलांचे घोडे आणि एक ब्रेक डान्स. प्रश्न ऐकून मी गप्प बसलो, कारण परीक्षेत दहा गुणांसाठी जे लिहितो ते मामांना सांगता येईना. पुढचे दोन महिने मी या विषयावर मिळेल ते वाचले. त्यातून जे हाती आले ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

रिकामा पाळणा

प्रथम खर्चाचे स्वरूप पाहू. आपल्या पुस्तकात स्थिर खर्च आणि बदलता खर्च असे दोन प्रकार दिले आहेत. मामा हेच वेगळ्या शब्दांत सांगतात : "पाळणा रिकामा फिरला तरी डिझेल जवळजवळ तेवढंच जळतं." जागेचे भाडे, जोडणी, माणसांचे पगार, यंत्राचा घसारा हे सर्व गिऱ्हाईक येण्यापूर्वीच ठरलेले असते. पाळण्यात एक माणूस जास्त बसला तर वाढणारा खर्च, म्हणजेच सीमान्त खर्च, नगण्य असतो. शिवाय रिकामी गेलेली बैठक पुन्हा कधी विकता येत नाही. किराणा दुकानातला तांदूळ आज नाही तर उद्या खपतो. रिकाम्या फेरीचे तसे नाही.

मोठ्या मनोरंजन उद्यानाचे अर्थशास्त्र हेच आहे. फक्त आकडे कोटींत आहेत. म्हणून तेथील दराचा प्रश्न "एका फेरीला खर्च किती आला" असा नसतो. "एवढा मोठा स्थिर खर्च कोणाकडून, किती आणि कोणत्या रूपाने वसूल करायचा" असा तो असतो.

डिस्नेलँडची पुस्तिका

या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेत झाला. कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड सुरू झाले. सुरुवातीला मोठ्या माणसाला प्रवेशासाठी एक डॉलर पडे आणि आतल्या प्रत्येक खेळाला निराळे पैसे द्यावे लागत. त्याच वर्षी तिकिटांच्या पुस्तिका निघाल्या. त्यांत ए, बी, सी असे वर्ग होते : साध्या खेळाला ए, त्याहून चांगल्याला बी आणि सी. पुढे 1956 मध्ये डी आणि 1959 मध्ये सर्वांत आकर्षक खेळांसाठी ई हा वर्ग आला. 1982 मध्ये ही पद्धत संपली आणि दारावर एकच तिकीट, आत सर्व खेळ खुले, असा नियम झाला.

पुस्तिकेची पद्धत चालू असतानाच, 1971 मध्ये, वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने डिस्नेलँडच्या पेचावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. दारावर एक रक्कम आणि आत फेरीमागे दुसरी, याला द्विस्तरीय दर म्हणता येईल. ओईंच्या विवेचनाचा सारांश असा : सर्व गिऱ्हाइकांची आवड सारखी असेल, तर फेरीचा दर सीमान्त खर्चाएवढा, म्हणजे जवळजवळ शून्य ठेवावा आणि त्यांना मिळणाऱ्या आनंदाचे मोल दारावर वसूल करावे. परंतु गिऱ्हाइके निरनिराळ्या प्रकारची असतील, कोणी दहा फेऱ्या घेणारा तर कोणी एकच, तर दारावरचा दर फार चढवून चालत नाही. कमी खेळणारा माणूस आत येणारच नाही. अशा वेळी दारावरचा दर उतरवून फेरीमागे काही घेणे फायद्याचे ठरते.

हे वाचले आणि मला मामांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागले.

खाली उभे राहणारे

यात्रेच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वहीत एका तासाची मोजणी केली होती. आमच्या यंत्रांपाशी येऊन उभी राहिलेली माणसे 212. त्यांपैकी तिकीट काढणारे 83. त्यांतले दुसऱ्या यंत्राचेही तिकीट घेणारे फक्त 11. म्हणजे 50 रुपयांप्रमाणे 94 तिकिटांचे 4,700 रुपये त्या तासात जमले.

उरलेले 129 लोक काय करत होते? ते खाली उभे होते. हातात मुलांच्या चपला, काखेत पिशवी, नजर वर. आई मुलांना पाळण्यात बसवते आणि प्रत्येक फेरीला खालून हात हलवते. चौघांचे कुटुंब आले तर वर बसतात दोन मुले आणि खर्च होतो 100 रुपये. मामांनी पत्रे मारून आवार बंदिस्त केले आणि दारावर माणशी 100 रुपये लावले, तर त्याच कुटुंबाला 400 रुपये पडतील. ते कुटुंब बाहेरूनच माघारी फिरेल, आणि मुले रडतील ती वेगळीच.

मोठ्या उद्यानात एकच तिकीट चालते, कारण तेथे माणूस दिवसभरासाठी म्हणूनच जातो. बेळगावहून बेंगळूरु सुमारे 500 किलोमीटर. एवढा प्रवास करून गेलेला माणूस एका फेरीवर समाधान मानत नाही. यात्रेत मात्र लोक देवीच्या दर्शनाला येतात. पाळणा ही वाटेतली गंमत. म्हणून दरपद्धती चांगली की वाईट हे परस्पर ठरत नाही. गिऱ्हाईक कोठून, कशासाठी आणि किती वेळासाठी आले आहे, यावर ते ठरते.

तरीही एकाच तिकिटाची उद्याने सर्वांना एकच दर लावत नाहीत, हे लक्षात घेतले पाहिजे. आपल्याला जवळचे उदाहरण वंडरलाचे. तेथे लहान मुलांचे तिकीट वयावर नव्हे तर उंचीवर ठरते. सुट्टीच्या आणि गर्दीच्या दिवसांचा दर कामाच्या दिवसांपेक्षा जास्त असतो. महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवणाऱ्यास सवलत मिळते. रांगेत थांबायचे नसेल त्यास जास्त पैसे देऊन वेगळे तिकीट घेता येते. ज्याला वेळ आहे पण पैसा कमी, त्याने मंगळवारी यावे. ज्याला पैसा आहे पण वेळ कमी, त्याने रविवारी जास्त मोजावे. मागणीच्या लवचीकतेचा धडा येथे प्रत्यक्ष पाहायला मिळतो. डिस्नेलँडनेही 2016 पासून गर्दीनुसार दिवसांचे दर वेगवेगळे केले.

दरात सरकारचाही वाटा असतो. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मनोरंजन उद्यानांच्या प्रवेशावर 28 टक्के कर होता. जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्के झाला. उद्यानाला हजार रुपये मिळायचे असतील तर गिऱ्हाइकाला आधी 1,280 आणि नंतर 1,180 मोजावे लागणार. पाच माणसांच्या कुटुंबाला हा फरक 500 रुपयांचा आहे.

नव्या झुल्याचे गणित

आता दुसरा प्रश्न, विस्ताराचा. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी मी घेतलेले आहेत. ते कोणत्याही उद्यानाचे नाहीत.

एका उद्यानात वर्षाला 9 लाख लोक येतात. कर आणि बदलता खर्च वजा जाता माणशी 600 रुपये उरतात. उद्यानाला 12 कोटींचा नवा झुला घ्यायचा आहे. त्याचे आयुष्य 12 वर्षे, म्हणून सरळ पद्धतीने घसारा वर्षाला 1 कोटी. सर्व रक्कम 10 टक्के व्याजाने काढली तर पहिल्या वर्षीचे व्याज 1 कोटी 20 लाख. देखभाल आणि माणसे यांचे 50 लाख. एकूण 2 कोटी 70 लाख.

ही रक्कम दोन मार्गांनी उभी करता येते. पहिला मार्ग, दर तेवढाच ठेवून गिऱ्हाईक वाढवणे : 2 कोटी 70 लाख भागिले 600, म्हणजे 45,000 जास्तीची माणसे. दुसरा मार्ग, आहेत त्याच 9 लाख लोकांकडून माणशी 30 रुपये जास्त घेणे. दुसरा मार्ग सोपा वाटतो. परंतु दर वाढल्यामुळे सुमारे 43 हजार लोक यायचे थांबले, तर वाढीव उत्पन्न सगळे नाहीसे होते आणि झुल्याचा खर्च तसाच डोक्यावर राहतो. शंभरातली पाचच माणसे कमी झाली तरी हे घडते!

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दर आणि विस्तार हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. आज जो झुला आपण घेतो, तो उद्याचे तिकीट ठरवून टाकतो.

दोन उद्यानांचे दोन रस्ते

व्ही-गार्ड कंपनीचे संस्थापक कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली यांनी 2000 साली कोचीजवळ वीगालँड हे उद्यान काढले. 2005 मध्ये बेंगळूरुजवळ बिडदी येथे वंडरला सुरू झाले. पुढच्या उद्यानासाठी कंपनीने 2014 मध्ये 125 रुपयांना एक याप्रमाणे समभाग विकले आणि 2016 मध्ये हैदराबादचे उद्यान उघडले. म्हणजे पहिल्या 16 वर्षांत उद्याने तीनच. शिवाय बरेचसे झुले कंपनी कोचीतील स्वतःच्या कारखान्यात तयार करते. भुवनेश्वरजवळ जमीन विकत न घेता ओडिशा सरकारकडून 90 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि 2024 मध्ये ते उद्यान सुरू झाले. चेन्नईची जमीन हाती असूनही स्थानिक करमणूक कराचा प्रश्न सुटेपर्यंत काम अनेक वर्षे थांबवले. ते उद्यान डिसेंबर 2025 मध्ये उघडले.

दुसरा रस्ता आपल्या महाराष्ट्रातला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाजवळ खोपोली येथे 2013 मध्ये इमॅजिका सुरू झाले. कल्पना भव्य होती, खेळ उत्तम होते. पाठोपाठ जल-उद्यान आणि हॉटेलही उभे राहिले. परंतु भांडवलात कर्जाचा वाटा मोठा होता. अपेक्षेइतकी माणसे आली नाहीत, व्याज मात्र ठरल्या तारखेला येत राहिले. 2015 मध्ये समभाग विकूनही ओझे पुरते उतरले नाही. 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि दारेच बंद झाली. शेवटी 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनी ताब्यात घेतली, आणि बँकांना आपल्या येण्यातील काही रकमेवर पाणी सोडावे लागले.

टाळेबंदी वंडरलालाही चुकली नव्हती. दोघांचेही पाळणे थांबले होते. फरक एवढाच की, थांबलेल्या पाळण्यावर व्याजाचा मीटर एकाचा जोरात चालू होता आणि दुसऱ्याचा जवळजवळ नव्हता. समभागधारकाला वाईट वर्षी लाभांश नाही म्हणून सांगता येते. बँकेला तसे सांगता येत नाही.

मामांना दिलेले उत्तर

एवढे वाचून मी दिवाळीत मामांकडे गेलो. वहीतली मोजणी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "मामा, दार घालू नका. खाली उभी राहणारी आई हीच आपली जाहिरात आहे. तिच्याकडून पैसे मागितले तर वर बसणारी मुलेही जातील. त्यापेक्षा तिन्ही यंत्रांचे मिळून 120 रुपयांचे एक तिकीट काढा आणि 50 चे सुटेही चालू ठेवा. ज्याला हवे तो ते घेईल."

मामांना हे पटले. डिस्नेलँडने जी पुस्तिका काढली होती तिचेच हे गरीब भावंड आहे, हे मी त्यांना सांगितले नाही.

"आणि मशीनचं?" त्यांनी विचारले.

मी उलट विचारले, "मंगाईच्या यात्रेत पावसाने किती दिवस बुडाले?" ते म्हणाले, "चार." मी म्हणालो, "बुडालेल्या दिवसांचेही व्याज द्यावेच लागते. एक हंगाम यंत्र भाड्याने आणून चालवून पाहा. चालले तर पुढच्या वर्षी निम्मे पैसे आपले आणि निम्मे बँकेचे."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या मामीनं हेच सांगितलं होतं. तिनं मात्र पुस्तक वाचलं नव्हतं."

असो. या वर्षीच्या यात्रेत मी पुन्हा खोक्यात बसणार आहे. 120 ची किती तिकिटे जातात आणि 50 ची किती, याची मोजणी वहीत करणार आहे. आकडे चुकीचे निघाले तर माझा सल्लाही चुकीचा ठरेल. परीक्षेत चुकलो तर दहा गुण जातात. येथे चुकलो तर मामांचा एक हंगाम जाईल. म्हणून या वेळी मोजणी एका तासाची नाही, सगळ्या दिवसांची करणार आहे, पावसाच्या दिवसांसह.