व्यापाऱ्याचा कळफलक : निवड व विचार

पेढीसाठी संगणक घेताना आमचे व्यापारी बंधू यंत्राचा वेग विचारतात, पडदा किती इंची ते पाहतात, किमतीची यथेच्छ घासाघीस करतात. परंतु ज्यावर गुमास्त्याची बोटे दिवसभर पडावयाची, तो कळफलक मात्र विक्रेता देईल तो मुकाट्याने घेतात. पूर्वी वहीचा कागद आणि बोरूचे टोक पारखून घेणाऱ्या समाजाने या बाबतीत इतके उदासीन असावे, याचे आम्हास नवल वाटते.

प्रथम हाताच्या सुखाचा विचार करू. टंकन करताना कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ राहिले पाहिजे. कळफलकाच्या मागील बाजूस दोन लहान पाय असतात व ते उघडून ठेवण्याची सर्वत्र चाल आहे. वस्तुतः त्यामुळे मनगट मागे वाकते व त्यावर ताण पडतो. ते मिटलेलेच बरे. गादीवर मांडी घालून बसणाऱ्यांनी कळफलक मांडीच्या फार वर येणार नाही असे ठेंगणे डेस्क घ्यावे. उंच गल्ल्यावर तो ठेवून उभ्याने पावत्या करणाऱ्याचे खांदे संध्याकाळी दुखू लागले, तर दोष वयाचा नव्हे, गल्ल्याच्या उंचीचा असतो.

कळांचे मुख्यत्वे दोन प्रकार आढळतात. स्वस्त फलकात कळांखाली रबराचा पापुद्रा असतो. वापराने त्याची उसळी कमी होते आणि अंक उमटला की नाही याविषयी बोट साशंक होते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक कळेस स्वतंत्र स्प्रिंग असते. असा फलक महाग, वजनदार व काहीसा खडखड्या असतो. पण ज्या पेढीवर दिवसभर पावत्या निघतात तेथे तो दीर्घकाळ टिकतो. बिलाच्या गल्ल्यांवर दिसणारा टीव्हीएस गोल्ड हा याच जातीचा.

व्यापाऱ्यास उजवीकडील स्वतंत्र अंकफलकावाचून चालावयाचे नाही. गणकयंत्राप्रमाणे त्यात सात-आठ-नऊ वरच्या ओळीत असतात. सरावलेला हात न पाहता रकमा भरतो. जागा वाचविण्यासाठी अंकफलक गाळलेले आटोपशीर नमुने दिसावयास सुबक, परंतु खतावणीच्या कामास निरुपयोगी होत. तीच गोष्ट माथ्यावरील एफ-कळांची. बेंगळुरूच्या टॅली या हिशेबप्रणालीत एफ ५ ने रक्कम दिल्याची, एफ ६ ने आल्याची, एफ ८ ने विक्रीची आणि एफ ९ ने खरेदीची नोंद उघडते. काही छोट्या फलकांवर याच कळा आवाज किंवा प्रकाश कमीअधिक करण्याच्या कामी लावलेल्या असतात व प्रत्येक वेळी दुसरी कळ धरून ठेवावी लागते. दिवसातून दोनशे वेळा हा द्राविडी प्राणायाम कोणी करावा?

जोडणीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जुन्या यंत्रास गोल खाच असते, नव्यास यूएसबीची चपटी. गोल खाचेची वायर यंत्र चालू असताना काढू-घालू नये. बिनतारी फलक प्रवासास बरा. गल्ल्यावर मात्र तारेचा घ्यावा, म्हणजे भर बाजाराच्या वेळी बॅटरी संपण्याची धास्ती नको.

आता आमच्या खजुरीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आमचे गाव आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत. तुरीचे पोते घेऊन येणारा एक शेतकरी मराठी वाचतो, तर दुसरा कानडी. कलबुर्गीच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले, हे भूषणच. पण ती पिकविणाऱ्याच्या हाती पडणारी पट्टी त्यास वाचता येत नसेल तर वजन, हमाली, तोलाई यांचे आकडे तो दुसऱ्याच्या विश्वासावर घेतो. आडत्याची पत ज्या कागदावर उभी, तो कागद शेतकऱ्याच्या लिपीत असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याकरिता दोन फलक घेण्याची मुळीच आवश्यकता नाही. भारतीय लिप्यांसाठी १९८६ साली इन्स्क्रिप्ट नावाची एकच कळरचना ठरविण्यात आली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तीत काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हातास व बहुतेक व्यंजने उजव्या हातास दिली आहेत; क आणि ख, ग आणि घ एकाच कळेवर, महाप्राणासाठी शिफ्ट. ‘खजुरी’ लिहिण्यास शिफ्टसह के, मग पी, जी, जे, आर. भाषा बदलून त्याच कळा त्याच क्रमाने दाबल्या की तीच अक्षरे कानडी वळणात उमटतात! कानडीतील ऱ्हस्व ए व ओ यांच्या कळा तेवढ्या निराळ्या शिकाव्या लागतात. विंडोज प्रणालीत या दोन्ही भाषा विनामूल्य असतात. फक्त त्या सुरू करून घ्याव्या लागतात.

मराठी टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या जुन्या मंडळींस ही रचना प्रारंभी परकी वाटेल. त्यांच्यासाठी जुन्या वळणाची कळरचनाही मिळते, व त्यांनी ती सुखेनैव वापरावी. मात्र मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फाँटमधील नावे तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हे होऊन उतरतात. कर्नाटकातील कानडी टंकनात ‘नुडी’ व के. पी. राव यांची रचना प्रचलित आहे. तिचा हात असलेल्यानेही तो मोडू नये. पण ज्या मुलामुलींना आरंभापासून शिकावयाचे आहे, आणि जी आज मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहितात, त्यांना इन्स्क्रिप्टच शिकवावे. एका कष्टात दोन लिप्या हाती येतात. कळांवर लावण्याच्या देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या मिळतात. सराव होईतो त्या पुरेत.

रुपयाचे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले. घेताना ते चाराच्या कळेवर छापलेले आहे काय ते पाहावे. नसले तरी ‘इंग्रजी (भारत)’ ही रचना निवडून उजवी आल्ट व चार दाबल्यास ते उमटते.

तुरीच्या हंगामात पेढीवर भुसा व धूळ उडते, म्हणून काम संपताच फलकावर कापड टाकावे आणि वेळोवेळी तो बंद यंत्रावर उलटा धरून मऊ ब्रशाने झाडावा. त्याच्याजवळ फराळ करू नये. कळांच्या फटीत साखर-शेवेचा कण गेला की मुंग्या येतात, आणि मग एकेका कळेखाली जीव दडपले जातात. यत्नाचार पाळणाऱ्या घरात हे निराळे सांगावयास नको. खरेदीस जाताना मात्र गुमास्त्यास बरोबर न्यावे व दुकानातच त्याच्याकडून चार-दोन पावत्या करवून पाहाव्या. पैसे मालकाचे असले तरी बोटे त्याची आहेत.