दुखत नाही, म्हणूनच दाखवा

जाऊबाईंच्या डाव्या छातीत गाठ लागली तेव्हा कपाशी फुटली होती. आमच्या दारव्हा तालुक्यात वेचणीच्या दिवसांत बाई अंगात ताप असला तरी वावरात जाते. इथं तर तापही नव्हता. "दुखत नाही ना, मंग कायले दवाखाना?" सासूबाई म्हणाल्या आणि ते घरातल्या सगळ्यांना पटलं. एका डॉक्टरनं हात न लावताच 'दुधाची गाठ' ठरवून गोळ्या दिल्या. जाऊबाईंचं धाकटं पोर तेव्हा सातवीत होतं!

संक्रांतीनंतर गाठीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, काखेतही काहीतरी हाताला लागायला लागलं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातून नागपूरला पाठवलं. तिथं निघण्याआधी भावकीनं नवंच काढलं, "सुई टोचली की कॅन्सर पसरते." या एका वाक्यानं आमच्याकडच्या किती बायांचा वेळ खाल्ला असेल! गाठीचा तुकडा सुईनं काढून तपासल्याशिवाय ती कॅन्सरची आहे की नाही हे पक्कं कळत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल तेही कळत नाही. सुईनं कॅन्सर पसरतो ही निव्वळ भीती आहे.

फाइलवर तिसरी स्टेज लिहून आली. गाठ 4 सेंटीमीटरची, मग तिसरी कशी, असं मी विचारलं. गाठ 2 सेंटीमीटरच्या आत आणि काख मोकळी असेल तर साधारण पहिली; 2 ते 5 ची असेल किंवा काखेत थोडी पसरली असेल तर दुसरी. पण कातडी किंवा छातीची भिंत धरली, काखेतल्या बऱ्याच गाठींत गेली, की आकार लहान असला तरी तिसरी. हाडं, फुप्फुस, यकृत किंवा मेंदूत पोचली की चौथी. म्हणजे आमच्या बाबतीत आकारानं नाही, कातडीनं स्टेज वाढवली. तिसरीतही उपचार बरं करण्यासाठीच असतात, फक्त लांबतात: किमो, ऑपरेशन, मग शेक.

बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही खरं. पण ते तपासणाऱ्यानं सांगायचं, सासूनं नाही. नवी गाठ, एकाच बाजूचा बदललेला आकार, आत गेलेलं स्तनाग्र, त्यातून रक्त किंवा पाणी, न भरणारी खाज-जखम, काखेतली गाठ, यातलं काहीही दिसलं तर दुखण्याची वाट पाहू नका.

मुंबईत टाटा रुग्णालयानं 1998 पासून दीड लाखांवर बायांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांच्या छातीची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं केली. त्यांच्यात रोग लवकरच्या स्टेजला सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. मशीन नव्हतं, हे लक्षात घ्या. तिशीपुढच्या बायांसाठी सरकारी तपासणी आहे; आशाताईंना विचारा, त्या लाजवत नाहीत.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. एसटीला बायांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे. निघताना रेशनकार्ड, आधार आणि जुने सगळे रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा. सोबत येणारं माणूस असं निवडा, ज्याला डॉक्टरला उलटून विचारायची भीड वाटत नाही.