ओएलईडी मॉनिटर घेताना दिवसाचं काम बघा

दिवसा मराठी मजकूर तपासायचा आणि रात्री गेम खेळायचा, दोन्ही एकाच मॉनिटरवर, असा माझा क्रम आहे. ओएलईडीबद्दल विचारणारे बहुतेक जण मला रात्रीचंच विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे. अडतं ते दिवसाचं.

१. गेमसाठी फार घोळ घालू नये. ओएलईडीत बॅकलाइट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतःच विझतो. त्यामुळे ‘सायबरपंक २०७७’मधली रात्र खरोखर काळी दिसते, बॅकलाइटवाल्या आयपीएस पॅनेलवर तीच राखाडी वाटते. रंग बदलायला ०.०३ मिलिसेकंद लागतात असं कंपन्या छापतात. तो आकडा सोडून द्या, पण कॅमेरा गर्रकन फिरवला तरी कडा पुसट होत नाहीत, हे डोळ्यांना लगेच कळतं. दोन ओएलईडींमधला फरक मात्र दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय सहसा जाणवत नाही.

२. पॅनेल कुठलं ते विचारा. खोक्यावर नाव कुणाचंही असो, आतलं पॅनेल बहुधा एलजी डिस्प्लेचं डब्ल्यूओएलईडी किंवा सॅमसंग डिस्प्लेचं क्यूडी-ओएलईडी असतं. पहिल्यात पांढरा प्रकाश रंगीत फिल्टरमधून येतो, जोडीला एक पांढरा उपपिक्सेल असतो. दुसऱ्यात निळा प्रकाश असतो आणि क्वांटम डॉट त्यातून लाल-हिरवा तयार करतात. २०२२मध्ये एलियनवेअरचा ३४ इंची मॉनिटर आला, तेव्हापासून हा दुसरा प्रकार आपल्या टेबलांवर आहे. रंग त्याचे जास्त भरीव.

३. देवनागरी उघडून बघा. क्यूडी-ओएलईडीचे उपपिक्सेल सहसा एका रांगेत नसून त्रिकोणात असतात: हिरवा वर, लाल आणि निळा खाली. ‘अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात’ एवढं बोलून परीक्षणं पुढे सरकतात. मराठी वाचणाऱ्याला ते नेमकं शिरोरेषेवर बोचतं. हा दोष आडव्या कडेवर जास्त दिसतो आणि आपल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी कड आहे! पांढऱ्या पानावर काळा मजकूर असेल तर रेषेच्या वर जांभळट झाक येते आणि खाली हिरवट. रफार आणि अनुस्वार नेमके तिथेच बसलेले, त्यामुळे प्रुफं तपासताना डोळा सारखा अडखळतो.

डब्ल्यूओएलईडीत पट्ट्या उभ्या असतात, म्हणून तिथे काना आणि दंड रंगतात. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारं विंडोजचं क्लिअरटाइप लाल-हिरवा-निळा या क्रमावर बेतलेलं आहे. त्याचा ट्यूनर चालवल्यावर थोडं सुधारतं, पूर्ण जात नाही. खरा उतारा पिक्सेल दाट असण्यात आहे. २७ इंची १४४०पीवर इंचाला सुमारे ११० पिक्सेल बसतात आणि झाक दिसते. ३२ इंची ४केवर १४०च्या आसपास बसतात, तिथे ती शोधावी लागते. २७ इंची ४केवर १६०च्या वर गेलं की विषय संपला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मॉनिटर बघायला जाल तर पेनड्राइव्हमध्ये एखादी मराठी फाइल न्या. दुकानात रात्रीच्या शहरांचे झगमगीत व्हिडिओ लावलेले असतात आणि “सर, ब्लॅक बघा ब्लॅक!” हे ऐकू येतंच. “दिसलं भाऊ, आता जरा ही फाइल उघडा,” असं म्हणायला लाजू नये.

४. खिडकी कुठे आहे? क्यूडी-ओएलईडीवर पोलरायझरचा थर नसतो. खोलीत उजेड असला की काळा रंग जांभळट राखाडी होतो, आणि ज्या काळ्यासाठी पैसे मोजले तो दुपारभर गायब. शिवाय १००० निट्सचा आकडा पडद्याच्या इवल्याशा भागापुरता असतो. एक्सेलचं पांढरं पान पूर्ण पडद्यावर उघडलं की बऱ्याच मॉडेलांचा उजेड २५०-३०० निट्सवर येतो. पडदे उघडे ठेवून काम करणाऱ्याने मॅट डब्ल्यूओएलईडी बघावा.

५. भिंतीवरचं बटण. “बटण बंद केलंस का रे?” हे ऐकत आपण मोठे झालो. ओएलईडीला हे मानवत नाही. साधारण चार तासांच्या वापरानंतर त्याला काही मिनिटं पिक्सेल रिफ्रेश करायचं असतं, आणि ते तो स्टँडबायमध्ये असताना, वीज चालू असेल तरच होतं. स्पाइक बोर्ड बंद करायची सवय असेल तर मॉनिटरला वेगळा पॉइंट द्या आणि घरच्यांना सांगून ठेवा. स्थिर चित्राचा ठसा पडद्यावर कायमचा उमटू नये (बर्न-इन), म्हणून टास्कबार लपवा, वॉलपेपर काळा ठेवा, पाच मिनिटांत पडदा बंद होऊ द्या.

एवढं करूनही एकच चित्र दिवसभर राहणार असेल, म्हणजे शेअर बाजाराचे तक्ते किंवा टॅलीचा तोच तो पडदा, तर ओएलईडी घेऊच नये. चांगला आयपीएस घ्या, उरलेल्या पैशांत खुर्ची घ्या. बर्न-इन वॉरंटीत धरलंय का, हे लेखी मागावं. तोंडी आश्वासनावर बिल फाडू नये.

६. फडकं. चकचकीत क्यूडी-ओएलईडीवर ओरखडे चटकन पडतात. टेबल पुसता पुसता मॉनिटरवरून हात फिरवणारं घरात कुणी असेल, तर मायक्रोफायबर कापड तिथेच लटकवा.

७. गेममध्ये अंधाऱ्या दृश्यात किंवा लोडिंगच्या पडद्यावर उजेड थरथरला तर मॉनिटर बिघडला असं समजू नका. व्हीआरआर, म्हणजे गेमच्या फ्रेमरेटप्रमाणे मॉनिटरचा रिफ्रेश रेट बदलण्याची सोय, चालू असताना फ्रेमरेट वरखाली झाला की हे होतं. फ्रेमला मर्यादा घाला, नाहीतर त्या गेमपुरतं व्हीआरआर बंद करा.

८. “माझं ग्राफिक्स कार्ड मध्यम आहे, मग १४४०पीच बरा ना?” फक्त खेळणार असाल तर बरा. दिवसा वाचायचं-लिहायचं असेल तर बजेट ताणून ४के घ्या आणि गेम डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र वाढवून दाखवणारी तंत्रं) लावून चालवा. गेममधल्या झाडांची पानं थोडी कमी रेखीव दिसली तर फारसं बिघडत नाही.